मागची स्प्रिंग आणि एक हो

चष्मेवाल्यांच्या तोंडून फक्त एक शब्द निसटला. "हो."

मेहुण्याने फोनवर विचारलं होतं, "भावोजी, मागची स्प्रिंग थोडी मऊ करून पाठवलीय. बसून बघितलंत? फरक जाणवतो ना?"

मेहुण्याने स्वतःसाठी नवा रेसिंग सिम्युलेटर घेतला आणि जुना बहिणीच्या घरी, मागच्या खोलीत आणून ठेवला. एक सीट, एक स्टिअरिंग, तीन पेडल, समोर भलामोठा पडदा आणि सीटखाली चार मोटारी. पडद्यावरची गाडी वळली की सीट कलायची, गाडी आदळली की बसणाऱ्याचे मणके एकेक करून हजेरी द्यायचे. गाडीचा सेटअप, म्हणजे स्प्रिंग, उंची, टायरमधली हवा, कॉम्प्युटरवर बदलायचा आणि तो बदल सीटमधून थेट पाठीला कळायचा. निदान मेहुण्याच्या पाठीला कळायचा.

चष्मेवाल्यांच्या पाठीला काहीही कळलं नव्हतं. पण कबूल कसं करणार? दुकानात दिवसभर ते लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत विचारत, "हे बरं की हे बरं?" आणि ज्यांना दोन्हींत काडीचा फरक दिसत नसे, ती माणसं ओशाळून "दुसरं" म्हणत. आज पाळी त्यांची होती.

"नक्की काय जाणवलं?" मेहुण्याला नको तिथे चौकशा फार.

"मागून जरा... मोकळं मोकळं वाटतंय." (हे ते नव्या पँटबद्दलही म्हणाले असते.)

"क्या बात है! भावोजी, रविवारी आमच्या टीमची शर्यत आहे. सेटअप तुमच्याकडे. तुमची पाठ म्हणजे यंत्र आहे!"

झालं! त्या दिवसापासून यंत्राला चैन पडेना. दुकानातल्या स्टुलावर ते डावीउजवीकडे झुकून बघू लागले. बसमधून उतरताना चालकाला म्हणाले, "तुमचं मागचं चाक नाचतंय." चालक म्हणाला, "काका, गाडी थांबलीय."

घरी जेवताना बायकोने विचारलं, "अहो, असे झुलताय काय? पोट बिघडलंय का?"

"वजन पुढे येतं का मागे, ते बघतोय."

"पुढे येतंय," त्यांच्या पोटाकडे बघत ती म्हणाली. "बऱ्याच वर्षांपासून."

रोज दुकान बंद केलं की ते धावत घरी यायचे, बूटही न काढता सीटवर बसायचे. स्प्रिंग कडक केली. काही नाही. मऊ केली. काही नाही. उंची कमी केली, हवा वाढवली. सीट आपली सगळ्याला सारखीच गदागदा हलायची. उठायचे, पाणी प्यायचे, पुन्हा बसायचे आणि जो काही सेटअप होई तो मेहुण्याला पाठवून द्यायचे. शेवटी मेहुण्यालाच आडून विचारलं, "हादरे जरा जास्त होतायत का रे?"

"मग जोर कमी करा ना! मोठे हेलकावे बंद केले की बारीकसारीक फरक कळतात."

शर्यतीच्या दिवशी सकाळीच त्यांनी जोर कमी केला, पाठीमागच्या खिडकीच्या झडपांचा आवाज नको म्हणून कानांवर हेडफोन चढवले, सीट भिंतीला टेकवली आणि गाडी सोडली.

आणि कळलं! आधी अगदी हलकं, घुसळल्यासारखं. मग थोडी शांतता. मग गाडी सरळ रस्त्याला लागली आणि मागून एक गोड थरथर उठली, वाढत वाढत मानेपर्यंत चढली. चष्मेवाल्यांचे डोळे पाणावले. त्यांनी मागची बाजू आणखी मऊ केली. थरथर वाढली. आणखी मऊ केली. आता तर दात वाजू लागले. त्यांनी तो सेटअप तसाच्या तसा मेहुण्याला पाठवला आणि खाली लिहिलं, "डोळे मिटून घाल. मागची चाकं बोलतायत."

हेडफोन काढले, तरी मागची चाकं बोलतच होती. भिंतीपलीकडून.

ते न्हाणीघराच्या दारात गेले. वॉशिंग मशीन चादरी पिळताना अंगात आल्यासारखं भिंतीला धडका देत होतं, आणि बायको त्यावर दोन्ही हात दाबून उभी होती.

"इथला प्लग जळलाय," ती ओरडली. "तुमच्या त्या सीटचा प्लग काढून हे लावलंय. चालेल ना?"

"कधी काढलास?"

"तुम्ही बसायच्या आधीच. म्हटलं, नसेल जमत तर हाक माराल. पण तुम्ही इतके खुशीत डोलत होतात, म्हटलं राहू दे."

म्हणजे सीटखालच्या मोटारी बंदच होत्या. टीमला त्यांनी चादरींचा सेटअप पाठवला होता!

फोन लावला. मेहुणा उचलेना. शर्यत सुरू झाली होती. चष्मेवाले पडद्यावर ती बघायला बसले, उठले, पुन्हा बसले. प्रत्येक वळणाला मेहुण्याची गाडी भिरभिरत बाहेर जाणार म्हणून ते स्वतःच उलट्या बाजूला कलत. मेहुण्याकडे पुढच्या खेपेला कोणत्या तोंडाने जायचं, याचाही विचार झाला. पण गाडी रस्ता सोडेना. उलट एकेकाला मागे टाकत दुसरी आली!

लगेच फोन वाजला. "भावोजी! दुसरा नंबर! गाडी काय चिकटून पळाली!"

चष्मेवाल्यांच्या मनात आलं, गप्प बसावं. कोण सांगायला जातंय? पण बायको कपड्यांची बादली घेऊन समोरच उभी होती. त्यांनी प्लग, मशीन, चादरी, सगळं सांगून टाकलं.

"मला काहीच कळत नाही रे. पहिल्यापासून नाही. तुझी शर्यत मी बुडवली असती."

"छे हो," मेहुणा म्हणाला. "तुमचा सेटअप आम्ही कधी घातलाच नाही."

"एकदाही?"

"आकडे बघूनच कळतं, तुम्ही पाठवलेल्या गाडीने गोल चक्करसुद्धा व्हायची नाही, भावोजी."

"मग मला टीममध्ये घेतलंस कशाला?"

"शर्यतीला टीममध्ये चार नावं लागतात. आम्ही तिघंच होतो. खरं तर आधी ताईला विचारलं होतं. तिला वेळ नव्हता."