फक्त पंपापर्यंत

बिराजदार अण्णांची गाडी जगात एकाच ठिकाणी जायची, ते म्हणजे पेट्रोल पंप. पंपापर्यंत जाताना जेवढं पेट्रोल जळलं तेवढं अण्णा भरायचे आणि परत येताना जळणाऱ्या पेट्रोलची रुखरुख लावून घेत घरी यायचे. पंपावरच्या माणसानं "कितीचं टाकू?" विचारलं की उत्तर ठरलेलं. "काठोकाठ. कवा निघावं लागंल, काय सांगता येतंय?"

जुळे सोलापुरातल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर मी राहते. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, म्हणून सगळ्या कॉलनीची 'बाई'. माझ्या डोक्यावर अण्णा. बायको, म्हणजे सुमनवैनी, गेल्यापासून एकटेच. त्यांची पांढरी, जुनी, अवजड गाडी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभी असायची. त्यामुळे रोजचा तमाशा मला फुकटात दिसायचा.

सकाळी आंघोळ करून, कपाळाला भस्म लावून अण्णा खाली यायचे. डिकी उघडून अर्धे आत शिरायचे. या गाडीची टाकी डिकीच्या तळाशी. तिच्यावर बोटाच्या पेरानं टकटक करायचे. दोनदा, मग जरा थांबून एकदा. मग विचारायचे, "निघायचं का?" टाकीला कान लावून बराच वेळ वाट बघायचे. शेवटी "बरं. उद्या बघू की," म्हणून डिकी बंद करायचे आणि जिना चढायचे.

एकदा न राहवून मी खिडकीतून म्हटलं, "अण्णा, टाकी काय बोलते का?"

"बाई, दुसऱ्याच्या घरात शिरताना तुमी बेल वाजवता का न्हाय?"

मी भाजी चिरत बसले.

माणूस वाईट नव्हता, चक्रम होता. माझा पाय मुरगळला तेव्हा मीच त्यांना म्हटलं, दवाखान्यात सोडता का? लगेच किल्ली घेऊन आले. मी पुढचं दार उघडायला गेले तर हात आडवा. "म्होरं नगा बसू. मागं बसा." बसले. गाडी निघाली आणि थेट पंपावर जाऊन थांबली. अण्णांनी टाकी भरली, एक रिक्षा थांबवली आणि मला हाताला धरून तिच्यात बसवलं. "हितनं म्होरं गाडी न्हाय जात, बाई." दवाखान्यात पोचेपर्यंत मी त्यांना मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या त्या विज्ञानाच्या पुस्तकात नाहीत.

हे झालं हसण्यासारखं. पण एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. चैत्रातल्या एका भर दुपारी मी गाडीशेजारच्या कट्ट्यावर कुरडया वाळत घालत होते. रस्त्यावर चिटपाखरू नाही. आणि डिकीतून टकटक ऐकू आली. दोनदा, मग जरा थांबून एकदा. अण्णा वर झोपले होते, त्यांचं घोरणं खालपर्यंत येत होतं. सोलापूरच्या उन्हात पत्रा तापतो, प्रसरण पावतो, वाजतो. जन्मभर हेच शिकवलं मी. स्वतःलाही तेच समजावलं आणि कुरडया उचलून गच्चीवर नेल्या.

मग श्रावणाच्या तोंडाला टाकी गळायला लागली. गंजून बारीक भोक पडलं होतं. अण्णांनी भोकावर अंगाचा साबण घासून लावला, खाली पातेलं ठेवलं. इमारतभर पेट्रोल आणि चंदनाच्या साबणाचा असा वास सुटला की लोक गॅस पेटवायला घाबरू लागले. शेवटी सगळ्यांनी बजावलं, टाकी बदला नाहीतर गाडी हलवा. नागपंचमीच्या आदल्या दिवशी अण्णांनी रफिक मिस्त्रीला बोलावलं. त्यानं भंगार बाजारातून याच गाडीची, बरी असलेली दुसरी टाकी शोधून आणली, धुऊन पुसून चकचकीत केली.

अण्णा म्हणाले, "आदी ही भर काठोकाठ. मग जुनी काढ."

"भरी टाकी चढवू म्हंता?" रफिकनं कपाळावर हात मारला. "नक्को बाबा! एक ठिणगी पडी तो आपन दोगंबी वर. पहिली खाली करनार, मग काढनार, मग नवी बसवून भरनार. दुसरा रस्ता नै."

"म्हंजी मदी दोन्ही रिकाम्या?"

"तो क्या हुआ? तासाभराचं काम हाय."

अण्णा मटकन कट्ट्यावर बसले. चेहरा असा उतरला की मी घाबरून पाणी घेऊन बाहेर आले. पाणी त्यांनी घेतलं नाही. रफिककडे न बघता, माझ्याकडेही न बघता बोलू लागले.

"सुमनचं म्हायेर मंद्रूप. हितनं कितीसं लांब? दर नागपंचमीला म्हणायची, एकडाव गाडीतनं न्या की मला. गाडीतनं उतरलेली भावजयीला दिसू द्या. मी म्हणायचो, टाकीत पेट्रोल न्हाय. दरसाली तेच. ती एस्टीनं जायची. मग गेलीच. धाव्याच्या पिंडाला कावळा शिवंना, बाई. सगळ्यांनी काय काय कबूल केलं. दागिने नातीला देऊ, अमकं करू, तमकं करू. कावळा झाडावरनं हालंना. मग मी हात जोडले. म्हणलं, टाकी कवाच रिकामी ठेवणार न्हाय. तू म्हणशील तवा निघू. तसा आला बघा खाली."

रफिकनं हातातला पाना खाली ठेवला. "वैनी कब बोली फिर?"

"अजून न्हाय. रोज विचारतो की."

इतकी वर्षं खिडकीत उभी राहून मी ह्या माणसाला हसत होते.

तोड मग मीच काढली. गळून गळून टाकीत उरलेलं सगळं पेट्रोल डब्यात काढायचं आणि तो डबा झाकण लावून अण्णांनी गाडीला टेकून मांडीवर धरायचा. टाकीत नसलं तरी गाडीपाशी आहे. विज्ञानात हे बसत नाही, पण नवसात बसतं. अण्णांना पटलं. खुर्ची टाकून, तान्हं मूल घ्यावं तसा डबा घेऊन बसले. रफिकनं बॅटरीच्या वायरी काढल्या, नळी सोडवली, खालून पट्टे सोडले आणि रिकामी टाकी ओढून भिंतीच्या सावलीत ठेवली. नवी बसवायला तो परत गाडीखाली शिरला आणि अर्धा तास खटपट करत राहिला.

आणि सावलीतली टाकी वाजली.

दोनदा, मग जरा थांबून एकदा.

रफिक गाडीखालून सरपटत बाहेर आला. "या अल्ला." पत्रा थंड होताना आकसतो, असं सांगायला मी तोंड उघडलं, पण टाकी सावलीत येऊन चांगला अर्धा तास झाला होता. अण्णांनी डबा घट्ट धरला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि आवाज मात्र रोज बायकोशी बोलावं तितका साधा.

"व्हय व्हय. ऐकलं. एवढी टाकी बसू दे की, लगीच निघू."

रफिकनं उरलेलं काम कसं केलं ते त्यालाच ठाऊक. नवी टाकी बसली, डबा तिच्यात रिकामा झाला. अण्णा वर जाऊन ठेवणीतला सदरा घालून आले. गाडीचं डावं दार उघडून उभे राहिले. पदर दारात अडकू नये म्हणून माणूस थांबतो, तेवढं थांबले, आणि हलकेच दार लावलं. गाडी डाव्या अंगाला जराशी दबली. मी पाहिलं. रफिकनंही पाहिलं. स्प्रिंगा जुन्या आहेत, असं तो स्वतःशीच पुटपुटला. गाडी पंपाकडे न वळता विजापूर रस्त्याला, मंद्रूपच्या दिशेला लागली.

तिन्हीसांजेला अण्णा परत आले. गाडी लावली तरी उतरेनात, म्हणून मी जवळ गेले.

"दारात गाडी थांबली तशी भावजय भायेर आली," ते समोर बघत म्हणाले. "मी काय बोललोच न्हाय, बाई. ती गाडीकडं बघत उभी राहिली. आत गेली, भाकरतुकडा आन् पाणी घेऊन आली. डावं दार उघडलं, ओवाळून टाकलं, आन् म्हणली, 'या वन्सं, किती वाट बघायची तुमची?' मला बसायला घोंगडं टाकलं. च्या दिला. मी निघालो तर मला एकट्यालाच सोडायला आली."

अण्णांनी शेजारच्या रिकाम्या सीटवरून हात फिरवला.

"येताना गाडी लई हलकी लागली. आता कुणासाटी पेट्रोल भरू?"

गाडी नुसतीच शांत उभी होती. त्या शांततेची मला टकटकीपेक्षा जास्त भीती वाटली. जन्मभर विज्ञान शिकवलेल्या बाईनं बोलू नये ते मी बोलले.

"अण्णा, पंचमीला माहेरी गेलेली बाई आपली आपण परत येते होय? आणायला जावं लागतं."

अण्णांनी पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. मग किल्ली फिरवली.

"पंप चालू असंल न्हवं अजून?"