श्यामकांतांची ग्रीसगन

मुलुंडच्या श्यामकांतांनी आपल्या गाडीला आपणच ग्रीस लावायचं ठरवलं, तेव्हा त्या तेरा वर्षांच्या गाडीचं आयुष्य रविवार संध्याकाळपर्यंतच उरलं होतं. गेली काही वर्षं ती प्रत्येक गतिरोधकावर ‘कुईंऽऽ’ करायची. सोसायटीचा वॉचमन खंडू तर ते ऐकून, मोबाइलमधून मान वर न काढता, गेट उघडायचा.

“रविवारी मी स्वतः चालवून बघणार,” त्यांच्या पत्नीने, वसुधावहिनींनी, बजावलं होतं. “एकदा जरी कुईं झालं, तर सोमवारी गाडी भंगारात!”

गॅरेजवाल्या प्रबुद्धने आधीच सांगितलं होतं, “काका, हिचे सस्पेन्शनचे जॉइंट सीलबंद येतात. ग्रीस भरायला तोंडच नाही ओ त्यांना.”

“आमच्या बाबांच्या गाडीला होतं!” (बाबांची गाडी पन्नास वर्षांपूर्वीची. पण असल्या बारीकसारीक गोष्टींत श्यामकांत पडत नसत.)

तर रविवारी सकाळी ग्रीसगन आणि किलोभर ग्रीस घेऊन ते गाडीखाली शिरले. तासभर तोंड शोधलं. सापडलं नाही. मग त्यांनी जॉइंटच्या रबरी टोप्यांवरच, पुरणपोळीवर तूप सोडावं तसं, सढळ हाताने ग्रीस थापलं. थोडं मिशीला लागलं, बरंचसं पायजम्याला. शेजारच्या नलिनीताईंचं मांजर तिथून एकदाच गेलं, ते पुढचे दोन दिवस कुणाच्या हातात ठरेना.

संध्याकाळी वसुधावहिनी स्टिअरिंगवर, शेजारी श्यामकांत (खाली जुना पेपर अंथरून). गल्लीच्या तोंडाशी पहिला गतिरोधक.

कुईंऽऽ!

“संपलं,” वहिनी म्हणाल्या.

“अगं, ग्रीस मुरायला वेळ लागतो!”

“लोणचं आहे का ते?”

समोरच प्रबुद्धचं गॅरेज. त्याने गाडी पुढून दाबून हलवली. चिडीचूप. मागून हलवली. कुईंऽऽ!

“काका, डिकीत काय आहे?”

“काही नाही,” श्यामकांत जरा जास्तच चटकन म्हणाले.

डिकी उघडली. आत गणपतीचं थर्माकोलचं मखर, चार खांब आणि कळसासकट. गाडी उसळली की खांबावर खांब घासत होता.

“थर्माकोलवर बंदी आली, तेव्हा हे तुम्ही टाकून आला होतात ना?” वहिनींनी विचारलं.

“माझ्या हातचं कोरीवकाम गं… टाकवेना.”

प्रबुद्धने मखर बाहेर काढून गाडी पुन्हा हलवली. हूं की चूं नाही.

“बरं. गाडी राहील,” वहिनी म्हणाल्या. श्यामकांतांचा जीव भांड्यात पडला. ते दार उघडून बसणार, इतक्यात त्या म्हणाल्या, “तुम्ही कुठे? तो पेपर फाटलाय, सीट बघा कशी झालीये. तुम्ही आणि तुमचं मखर चालत या.”

गाडी अगदी गुपचूप घरी पोचली. (गेटवर वहिनींना चक्क हॉर्न वाजवावा लागला.) मागून श्यामकांत निघाले. अंगाला ग्रीस, कवेत मखर आणि पावलागणिक कुईं, कुईं.

खंडूने मोबाइलमधून मान वर न काढता गेट सताड उघडलं.

“या साहेब. आज जरा सरळ लावा हां. काल वाकडी लावली होतीत.”