रामरावांच्या तीन माफ्या

धाड गावचे रामराव ठिबक सिंचन बघायला बारा दिवस इस्रायलला गेले आणि माफीचा कायदा शिकून आले.

तिथल्या एका म्हाताऱ्या ज्यू शेतकऱ्यानं दुभाष्याकरवी सांगितलं, "देवाचा अपराध देव माफ करतो. माणसाचा अपराध त्या माणसानंच माफ करायचा. तीन माणसं नेऊन तीनदा मनापासून माफी मागा. तरी नाही म्हणाला, तर तुम्ही सुटलात." चारचौघांत कुणाला लाजवणं म्हणजे रक्त सांडणं, हेही तो सांगणार होता, पण तेवढ्यात जेवणाची हाक आली आणि रामराव उठले.

त्यांना अंबूबाई आठवली. दौऱ्याआधी बाजारात मोबाईल सापडेना, म्हणून त्यांनी या मजूर म्हातारीची पिशवी भर रस्त्यात उलटी केली होती. वांगी गडगडली, लोक हसले. मोबाईल निघाला रामरावांच्याच फटफटीच्या डिक्कीत! ते मात्र त्यांनी कुणाला सांगितलं नाही. तेव्हापासून बाईला कापूस वेचायला कुणी बोलवेना.

बायको मंजुश्री, मित्र कडूबा आणि ड्रायव्हर यांना जीपमध्ये घालून रामराव तिच्या दारात उतरले.

"अंबूबाई, माफ कर. मोबाईल माह्याच डिक्कीत होता."

"करते ना मालक. पन पिशवी बाजारात उलटी केली, मंग हे बी बाजारातच सांगा."

"बाजारात? मले इज्जत हाय का नाही?"

"मंग मले नव्हती काय?"

"एक," कडूबानं बोट दुमडलं.

दुसऱ्या दिवशी रामराव लुगडं घेऊन गेले. लुगडं परत आलं, कडूबाचं दुसरं बोट दुमडलं. पण बोलणं न ऐकता गल्लीनं लांबून काय पाहिलं? रामरावांची जीप आणि चार माणसं, लागोपाठ दोन दिवस! झडतीच असणार. किराणावाल्यानं अंबूबाईची पिशवी बाहेर ठेवायला लावली. मजूर बायांची मुकादम छाया तिला कामावर घेणार होती, तिनंही नाही म्हटलं.

तिसऱ्या दिवशी अंबूबाईनं हात जोडले. "आता येऊ नका. तुमच्या माफीनं मी पक्की चोर झाली."

"तीन!" कडूबा ओरडला.

"सुटलो बे!" रामराव म्हणाले. "कायदाच हाय तसा, अंबूबाई. तीन मानसं, तीन माफ्या. आता पाप तुह्या डोक्यावर."

बाजाराच्या दिवशी रामराव हॉटेलात चहा पीत होते. अंबूबाई शेजारच्या तीन बायांना घेऊन समोर उभी राहिली.

"रामरावभाऊ, मोबाईल तुमच्याच डिक्कीत सापडला. तुम्ही तीनदा घरी येऊन सांगतलं, तरी म्या माफ नाही केलं. पाप लागलं मले. माफ करा!"

अख्खा बाजार वळून बघू लागला. "अवं, हळू बोल!" रामराव पुटपुटले.

"एक," तिनं बोट दुमडलं आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा म्हटलं, दुप्पट आवाजात.

"माफ केलं! माफ केलं!" रामराव चहा टाकून पळाले. लोक पोट धरधरून हसले.

संध्याकाळी छाया भेटली. "आता समद्याईले समजलं, तू चोर नाहीस."

"मंग उद्या येऊ कापसाले?"

छायानं नजर चुकवली. "रामरावचं वावर मोठं हाय माय. तुले घेतलं तर आमाले कोन बोलावते?"

"म्हंजे चोर होती तेच बरं होतं," अंबूबाई म्हणाली. "तवा माफी मागाले तरी मानसं येत होते."