टेंभुर्णेंचा पाचवा दिवस

आमच्या शेजारच्या टेंभुर्णेंना तुम्ही नमस्कार केलात, तर ते आधी तुमच्या मानेकडे बघतात, मग हातांकडे, आणि शर्टाचं वरचं बटण उघडं असेल तर छातीकडेही. तिथे डास चावल्याची एखादी लाल खूण जरी दिसली, तरी त्यांचे डोळे चमकतात आणि नमस्काराच्या जागी प्रश्न येतो, "कितवा दिवस?"

टेंभुर्णे एका खासगी लॅबमध्ये टेक्निशियन आहेत. ताप येऊन अंगावर पुरळ उठलं की ते गोवराचं, डेंग्यूचं की आणखी कशाचं, हे रक्तातून शोधून काढणं हा त्यांचा धंदा, छंद आणि माझ्या मते आजारही. "तुमी दिवस सांगा, नाव मी सांगतो," हे त्यांचं ब्रीद. पुरळ कितव्या दिवसाचं हे कळल्याशिवाय ते सुईला हात लावत नाहीत. गोवरासारख्या दुखण्यात पुरळ उठल्यावर चार दिवस थांबायचं आणि पाचव्या दिवशी रक्त घ्यायचं. त्याआधी घेतलं तर रक्त खोटं बोलतं म्हणे.

उभी हयात मी भिलाईच्या पोलाद कारखान्यात, रोलिंग मिलच्या खडखडाटात काढली. निवृत्तीनंतर शांतता हवी म्हणून जवळच रिसालीत घर बांधलं, आणि शेजारच्या घरात हा माणूस भाडेकरू म्हणून आला. नशीब एकेकाचं.

गल्लीत कुणाकडे लग्न निघालं की मला आधी टेंभुर्णेंची धास्ती वाटते. एका हळदीला त्यांनी नवरदेवाचा दंड धरून, ही लाली हळदीच्या आधीची की नंतरची, अशी चौकशी केली. मुलीकडची मंडळी दोन तास कोपऱ्यात जाऊन कुजबुजत होती. पलीकडच्या घरी लेकराला 'माता' आली म्हणून दाराला कडुनिंब बांधला, तर हे गृहस्थ चपला काढून आत गेले, डहाळीला हात जोडले आणि खिशातून नळी काढून म्हणाले, "मातेले नमस्कार आहे, पण मले दोन मिली पाहिजे." त्या घरच्या आजीने त्यांना काठीने बाहेर काढलं. पाचव्या दिवशी ते पुन्हा गेले. लाज नावाची वस्तू त्यांच्या लॅबमध्ये तपासायला कधी आलेलीच नसावी.

बोलायची तऱ्हाही विचित्र. पाठमोरे असताना ते एक शब्द बोलायचे नाहीत. तुमच्या समोर, अगदी नाकासमोर येऊन उभे राहणार, आधी हवेत हात हलवणार आणि मग ओठ असे फाकवून बोलणार की वाटावं, शब्द चावून चावून देताहेत. आमच्या दाराशी घंटी आहे. ती न वाजवता ते शेजारचं बटण दाबून व्हरांड्यातला दिवा लावतात, विझवतात, लावतात, विझवतात. भर दुपारी. मी एकदा खडसावून विचारलं, तर ओशाळून म्हणाले, "सवय आहे जी."

बायको नागपूरला आणि हे इथे. दर दुसऱ्या शनिवारी दुर्गहून गाडी पकडून जायचे, रविवारी परत. अशा माणसापाशी कोण नांदेल, हे मी चहाच्या टपरीवर दहा वेळा तरी बोललो असेन. लोक हसायचे आणि मला पुढचं सुचायचं.

गेल्या मे महिन्यात आमच्या सुनेची, पूनमची, चोरओटी होती. तिसऱ्या महिन्यात गुपचूप भरायची म्हणून ती चोरओटी. आमच्याकडे गुपचूप म्हणजे चौदा बायका आणि पुरीभाजी. चरोद्याहून माझी धाकटी बहीण लता आदल्या संध्याकाळी आली होती, सोबत तिचा तीन वर्षांचा नातू चिकू. ओटी भरल्यावर पोटुशीच्या मांडीवर मुलगा बसवायचा, म्हणजे मुलगा होतो, हे लताचं शास्त्र. त्यासाठीच चिकूला आणलं होतं. पोर सकाळपासून किरकिरत होतं, अंग कोमट होतं, गालांवर आणि पोटावर बारीक लाल दाणे होते. माझी बायको म्हणाली, घामोळं आहे. भिलाईत मे महिन्यात घामोळं कुणाला नसतं? मला स्वतःला होतं.

चिकू पूनमच्या मांडीवर बसला, बायकांनी गाणं सुरू केलं, आणि व्हरांड्यातला दिवा उघडझाप करायला लागला.

टेंभुर्णे वर्तमानपत्र मागायला आले होते. दारातूनच त्यांनी चिकूला पाहिलं. मग पूनमकडे, तिच्या ओटीतल्या नारळाकडे. कुणी काही बोलायच्या आत ते बायकांमधून वाट काढत गेले, चिकूच्या कानांमागे बोटं फिरवली आणि त्याला उचलून लताच्या हातात दिलं.

"गाठी आहेत," ते म्हणाले. "दाणे कधी आले?"

"आज सकाळी. घामोळं आहे ते," लता म्हणाली.

"घामोळ्यानं कानामागं गाठी येत नाही, बाई. सूनबाईले आत न्या. काकाजी, डॉक्टरीणबाईले फोन लावा, आत्ताच."

मी संतापलो. पण माझ्या मुलाने, निखिलने, घाबरून फोन लावला. पूनमच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, हा गोवरासारखा दिसणारा रुबेला असू शकतो. पोराला काही होणार नाही, पण पहिल्या तीन महिन्यांत आईला लागण झाली तर पोटातल्या बाळाचे डोळे, हृदय, कान, कशावरही घाला पडू शकतो. पूनमचं रक्त आजच घ्या. चिकूचं पाचव्या दिवशी.

चोरओटी तिथेच संपली. पुऱ्या तशाच राहिल्या.

लता काही ऐकणाऱ्यातली नाही. दुसऱ्याच दिवशी तिने चरोद्याला चिकूचं रक्त दुसरीकडे कुठेतरी तपासून घेतलं, निगेटिव्ह आलं आणि तिने पेढे पाठवले. मी पेढा आणि तो रिपोर्ट घेऊन टेंभुर्णेंकडे गेलो, त्यांची जिरवायलाच गेलो म्हणा ना. त्यांनी पेढा बाजूला ठेवला.

"हे दुसऱ्या दिवसाचं रक्त आहे, काकाजी. याचा निगेटिव्ह मी मानत नाही. पाचवा दिवस येऊ द्या."

पूनमचा रिपोर्टही लगेच मिळेना. नमुने पुरेसे जमल्याशिवाय लॅबवाले ती तपासणी लावत नाहीत. त्या दिवसांत घरात कुणी नीट जेवलं नाही. पूनम आरशासमोर उभी राहून हात बघायची, मान बघायची. आणि टेंभुर्णे रोज कामावरून आले की आमच्या पायरीवर बसायचे. गल्लीतून माणसं जायची, त्यांच्या मानेकडे ते बघायचेही नाहीत. मला वाटलं, आता घाबरलाय, उगाच लोकांच्या घरात आग लावली म्हणून.

पाचव्या दिवशी ते स्वतः चरोद्याला जाऊन चिकूचं रक्त घेऊन आले. सहाव्या दिवशी संध्याकाळी व्हरांड्यातला दिवा उघडझाप करू लागला. चिकूला रुबेलाच होता.

"आणि पूनम?" मी विचारलं.

"आयजीजी पॉझिटिव्ह."

माझ्या बायकोने पॉझिटिव्ह एवढंच ऐकलं आणि भिंतीला टेकून रडायला लागली. टेंभुर्णेंनी तिच्यासमोर जाऊन हात हलवले, ओठ फाकवले आणि एकेक शब्द चावून समजावलं. आयजीएम म्हणजे दंगा झाल्यावर धावत येणारा हवालदार. आयजीजी म्हणजे कॉलनीचा जुना चौकीदार. पूनमच्या रक्तात हवालदार नाही, चौकीदार मात्र आहे, आणि तो चिकू मांडीवर बसला त्याच दिवशीच्या रक्तात सापडलाय. म्हणजे कधीतरी लहानपणी ते दुखणं येऊन गेलं असेल किंवा लस मिळाली असेल. लेकराला धोका नाही.

मी त्यांना घट्ट धरलं. त्यांनी मात्र तेवढ्यात माझ्या मानेवरचं घामोळं पाहून घेतलं.

नोव्हेंबरात पूनमला मुलगी झाली. लताचं शास्त्र साफ खोटं पडलं. बारशाला घर भरलं होतं. टेंभुर्णे आले, पाळण्याच्या मागच्या बाजूला जाऊन उभे राहिले. बाळ नुकतंच झोपलं होतं. त्यांनी मांडणीवरचं स्टीलचं मोठं ताट घेतलं आणि सरळ फरशीवर टाकलं.

सगळं घर दचकलं. बाळ थरथरलं, दोन्ही मुठी वर गेल्या आणि तिने असा टाहो फोडला की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. बायका त्यांच्या अंगावर धावल्या. मीही ओरडलो, अक्कल कुठे गहाण ठेवली म्हणून. टेंभुर्णे पाळण्याची दांडी धरून बाळाकडे बघत होते.

"ऐकते," ते म्हणाले. "काकाजी, ऐकते ते."

मी त्यांना हाताला धरून व्हरांड्यात आणलं, पायरीवर बसवलं. पहिल्यांदाच ते माझ्याकडे न बघता बोलले. त्यांची मुलगी पंधरा वर्षांची आहे, नागपूरला मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत शिकते. आई तिच्यासाठीच तिथे राहते. घरात हाक मारायची तर दिवा लावून-विझवून मारायची. बोलायचं ते समोर येऊन, हात हलवून, तिला ओठ दिसतील असं.

"बायकोले तिसरा महिना होता," ते म्हणाले. "मे महिना. अंगावर दाणे आले, दोन दिवसांत गेले. मी तेव्हाही लॅबमध्येच होतो, काकाजी. नळी माझ्या खिशात होती. मी म्हटलं, घामोळं आहे. तिले विचारलंबी नाही, कितवा दिवस."

मग म्हणाले, "पोरगी चार महिन्यांची झाली तेव्हा मी तिच्या मागं आठ दिवस ताटं पाडली. रोज. ते आपली छताकडे पाहून हसून राहायची."

चहाच्या टपरीवर मी जे जे बोललो होतो ते सगळं मला तेव्हा आठवलं, शब्द न् शब्द. मला माझीच शरम वाटली. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो.

आत बाळ अजून रडत होतं. बायको तिला खांद्यावर घेऊन थोपटत होती, शू-शू करत होती. टेंभुर्णे उठून दारात गेले. दिव्याच्या बटणाकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला.

"काकूजी," ते म्हणाले, "इतक्यात उगी नका करू तिले. जराशी रडू द्या."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, आणि तिने थोपटायचं थांबवलं.