मावशींच्या हातांचं माप

धनुर्विद्येच्या वर्गात पहिल्याच दिवशी सरांनी मावशींना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, भिंतीवरच्या तक्त्यावर बोट फिरवलं आणि कपाटातलं सगळ्यात आखूड धनुष्य काढून त्यांच्या हातात दिलं. उंची चार फूट दहा इंच, म्हणजे दोरीची ओढ तेवीस इंच, म्हणजे हे धनुष्य. सरांच्या लेखी विषय संपला होता.

मावशींच्या लेखी तो सुरूही झाला नव्हता. तीस वर्षं त्यांनी शिवणकाम केलं होतं. सुनेनं "आता या वयात जरा बागेत फिरत जा" असं सुचवलं आणि त्याच दिवशी त्यांनी इथे नाव घातलं. उंची बेताची, पण हात चांगले लांबलचक. तयार कपड्याची एकही बाही कधी त्यांच्या मनगटापर्यंत पोचली नव्हती. त्या वैतागातूनच त्या शिवण शिकल्या होत्या.

"सर, उंची बघून बाही कुणी बेतत नाही," त्या म्हणाल्या. "हात मोजा."

तक्ता तज्ज्ञांनी केलाय, असं सरांनी सांगितलं. मावशींनी पर्समधून टेप काढली, भिंतीला पाठ लावून दोन्ही हात पसरले आणि वर्गातल्या बँकवाल्या बाईंकडून या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजून घेतलं. सदुसष्ट इंच भरले. त्याला अडीचनं भागलं की ओढ मिळते, हे तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेलं होतं. ते त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. ओढ जवळजवळ सत्तावीस आली.

सर हसले. "टेप सरकली असेल."

मावशींच्या टेपवर शंका घेणारा हा पहिलाच माणूस. त्यांनी तेच आखूड धनुष्य उचललं, बाण लावला आणि दोरी ओढायला लागल्या. तेवीस इंचांवर सर "बास" म्हणाले, पण मावशींचा कोपर अजून वाटेतच होता. त्या ओढत राहिल्या. धनुष्य एकाएकी दगडासारखं जड झालं, दोरीचा कोन अरुंद झाला आणि दोरी धरलेली तिन्ही बोटं चिमट्यात सापडली. हळूहळू सैल सोडा, अशी सरांची विनवणी सुरू झाली.

"आधी सत्तावीस म्हणा," मावशी दातओठ खात म्हणाल्या.

सर म्हणाले नाहीत. बाणही तेवीसच्याच हिशेबानं कापलेला. त्याचं टोक आत आलं, तो धनुष्यावरच्या टेकूवरून घसरला आणि दोरीतून निसटून सरांच्या बुटावर पडला. तो उचलायला सर वाकले आणि मावशींची बोटं सुटली. बाण नसताना दोरी सुटलेली धनुष्याला सोसत नाही. काडकन आवाज झाला आणि त्याची वरची वाकणारी पात उभी चिरली.

सरांचा चेहरा लाल झाला. झाल्या प्रकाराची लेखी कबुली द्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका, असं त्यांनी बजावलं.

"देते की लिहून," मावशी म्हणाल्या. "त्यात सत्तावीस इंचही लिहिते."

तेवढ्यात बँकवाल्या बाई चाचरत म्हणाल्या, की बोटं त्यांचीही रोज चिमटतात. त्यांना वाटायचं, तशी पद्धतच असेल. वर्गातल्या निवृत्त पोस्टमनची तक्रार उलटी होती: त्यांच्याकडून दोरी कधी पूर्ण ओढलीच जात नव्हती. मावशींनी तिथल्या तिथे रांग लावली. अकरा जणांची मापं घेतली, त्यांत सात जणांची धनुष्यं चुकीची निघाली. लोक आपापसांत अदलाबदल करायला लागले, आणि सर तक्त्यासमोर पाठमोरे उभे राहिले.

बाकी सगळे गेल्यावर सरांनी दार लोटलं आणि मावशींना विचारलं, "माझंही जरा बघता का?"

सर सहा फुटी, पण हात पासष्ट इंचच भरले, म्हणजे ओढ सव्वीस. टेपवरचा आकडा पुन्हा वाचून ते म्हणाले, "वीस वर्षं वाटायचं, माझाच जोर कमी पडतो."

"जोराचा काय दोष? धनुष्यच मापाबाहेरचं," टेप गुंडाळत मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतःसाठी मधल्या मापाचं धनुष्य काढलं आणि आपलं लांब धनुष्य मावशींना दिलं. वर्ग श्वास रोखून बघत होता. मावशींनी पूर्ण सत्तावीस इंच ओढलं. बोटं मोकळी, कोपर जागेवर, खांदा सरळ. बाण सणसणत गेला आणि मावशींचं लक्ष्य सोडून शेजारच्या बँकवाल्या बाईंच्या लक्ष्याच्या बरोब्बर मधोमध रुतला.

सरांनी तोंड उघडलं.

"माप बरोबर आहे," मावशी दुसरा बाण लावत म्हणाल्या. "नेमाला मी अजून हात घातलेला नाही."