धडधाकट सुदेशचा आजार

सुदेश सकाळपासून तिसऱ्यांदा धनुष्याची दोरी तपासत होता. दोरीला काही झालं नव्हतं. झालं होतं ते त्याला. ओरोसच्या स्पर्धेसाठी मालवणच्या क्लबातून एकच जोडी जायची होती. एक जण व्हीलचेअरवरून बाण मारणारा, एक जण उभ्याने. खुर्चीवरची जागा अनुजाची, यात कुणालाच शंका नव्हती. उभ्याची जागा आपली की जितेंद्रची, या विचाराने चार दिवस सुदेशचं जेवणाखेरीज कशातच लक्ष लागत नव्हतं.

त्यात पुण्याहून दीपिका मॅडम आल्या. अपंग आणि धडधाकट तिरंदाजांची शरीरं किती तंदुरुस्त आणि मनं किती खुशाल, याचा त्या अभ्यास करत होत्या. "मॅडमचा कागद बघूनच मी निवड करणार," असं प्रशिक्षक तय्यबसरांनी जाहीर करून टाकलं.

निघताना आई सावित्रीने सुदेशला दारातच अडवलं. "ती बाय काय काय इचारतली. पण तब्येत बरी आसा म्हणान सांगा नको हां. दृष्ट लागतली."

हे सांगायची गरजच नव्हती. आपलं सगळं छान चाललंय असं या किनाऱ्यावर शहाणा माणूस उघड बोलत नाही.

"झोप कशी लागते?" क्लबच्या मैदानावर मॅडमनी विचारलं.

"लागते आपली, कधीमधी." त्याला उठवायला आई रोज तोंडावर पाणी मारत असे.

"भूक?"

"कसली भूक! घास दोन घास." सकाळचे पाच घावणे त्याला आठवले, पण ते त्याने मनातच ठेवले.

"दुखतं कुठे?"

सुदेश विचारात पडला. 'कुठेच नाही' म्हणणं म्हणजे तर दुखण्याला बोलावणंच. "कंबर," तो म्हणाला. "आणि खांदा."

"कुठला?"

"दोन्ही."

मॅडमनी नाडी धरली. ती निवडीच्या धास्तीने नुसती पळत होती. त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही आज पायऱ्यांची चाचणी द्यायची नाही. सावलीत बसा."

"पण मॅडम, मी धावतो ना! आत्ता धावून दाखवतो!"

"आजार असा लपवू नये," मॅडम मायेने म्हणाल्या आणि तेही लिहून घेतलं.

पुढचा नंबर अनुजाचा. झोप आठ तास, भूक भरपूर. दुखतं कुठे, तर "खंयच नाय!" मॅडम आनंदाने लिहीत सुटल्या.

"गो अनुजा, दृष्ट लागतली!" सुदेश कुजबुजला.

"माका? माका बघून लोक आधीच च्च च्च करतत. नजर लागाक जागा खंय आसा, मेल्या?"

दुपारपर्यंत सगळे कागद भरून झाले. खुर्चीवरचे चौघे ठणठणीत निघाले, आणि पायांवर उभे राहणारे सहाच्या सहा आजारी. जितेंद्रने तर छातीत धडधड आणि डोळ्यांपुढे अंधारी, असं दोन्ही सांगितलं होतं.

तय्यबसरांचा आवाज चढला. "काल पन्नास पन्नास बाण मारलात आणि आज सगळे मरणाच्या दारात? ओरोसला उभ्याने मारायला कोण जाणार? मी?"

"रागावू नका त्यांच्यावर," मॅडम म्हणाल्या. "या सहा जणांना आधाराची गरज आहे. खुर्चीवरच्या मंडळींनी त्यांना समजून घ्यावं."

अनुजाने लगेच खुर्ची सुदेशजवळ आणली. "पाणी हाडू?"

आता खरं सांगून टाकावं असं सुदेशने चारदा ठरवलं आणि चारही वेळा नुसताच खोकला. तो खोकलाही मॅडमनी लिहून घेतला. एवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. मॅडमनी काळजीपोटी त्याच्या घरी फोन केला होता.

"काय झाला माझ्या झिलाक?" सावित्री धावतच आत आली.

"घाबरू नका. अशक्तपणा आहे. झोप नाही, भूक नाही, सगळं अंग दुखतंय."

"कोणाचा? ह्येचा?" सावित्रीने पदर खोचला. "बाये, सकाळी पाच घावणे खावन ह्येना वीस नारळ सोलल्यान! झोपलो तर ढोल वाजवूचो लागता! मी ह्येचा लगीन ठरवतंय आणि तू चार लोकांत ह्येका आजारी करतस?"

तय्यबसरांनी तिथल्या तिथे सुदेशला पायऱ्यांवर उभं केलं. आई समोर होती, त्यामुळे तो सरांनी सांगितल्यापेक्षा चाळीस पायऱ्या जास्तच चढला. जितेंद्रची आई मुंबईत होती, म्हणून तो आजारीच राहिला.

"ओरोसला जाणार अनुजा आणि सुदेश," सरांनी नावं वाचली. सगळं मैदान दोघांकडे बघू लागलं.

"आता शेवटचा प्रश्न," मॅडम म्हणाल्या. "या घडीला कसं वाटतंय?"

सुदेशने आईकडे पाहिलं. "एकदम बरं!" तो जवळजवळ ओरडलाच.

मॅडम अनुजाकडे वळल्या. आज तिच्याकडे बघून कोणी च्च च्च करत नव्हतं. जितेंद्र तर पापणीही न हलवता बघत होता. अनुजाने खुर्ची हातभर मागे घेतली.

"तसा बरा आसा, मॅडम," ती हळूच म्हणाली, "पण सकाळपासून जरा अंग दुखता."