तीन पंख्यांचा पंचनामा

कोणतीही महागडी वस्तू घेण्यालायक आहे की नाही, हे ती वापरणाऱ्याला विचारून कधीच कळत नसतं. वापरणाऱ्याला ती हवी असते. म्हणजे तो पक्षकार झाला. विकणाऱ्याला ती नको असते; तोही पक्षकार. उरतात ते लोक, ज्यांना त्या वस्तूतलं काहीही कळत नाही. निःपक्षपाती निर्णय फक्त तेच देऊ शकतात, आणि सुदैवानं असे लोक आपल्याकडे मुबलक आहेत.

नांदेडात तरोडा नाक्याला राहणारे शेषेराव, सेवानिवृत्त तलाठी, हे तत्त्व आयुष्यभर पाळत आले. त्र्याण्णवच्या भूकंपात ते निलंग्याच्या पल्याड एका गावी नोकरीला होते. सतरा दिवसांत त्यांनी पडलेल्या घरांचे चारशे बारा पंचनामे केले. वरून सहाशे छापील नमुने आले होते. एकशे अठ्ठ्याऐंशी उरले. ते कुठे परत पाठवायचे याचा आदेश आजतागायत आलेला नाही. (शेषेराव वाट बघून राहिलेत.) दरम्यान कागद वाया जाऊ नये म्हणून त्यांनी ते घरात वापरायला काढले. फ्रिजचा पंचनामा झाला, बोअरचा झाला, थोरल्या जावयाचा झाला. (‘भिंत : पक्की. छत : विरळ. तडे : वरवर पाहता दिसून येत नाहीत.’ संसार उत्तम चालला आहे.)

नमुन्याच्या मागे नियम छापलेले आहेत. एक, पाच पंचांच्या सह्या हव्यात. चार सह्यांचा पंचनामा हा पंचनामाच नव्हे. (लक्ष्मम्मा नावाच्या बाईचं घर याच कारणानं पडलेलं नाही. पाचव्या पंचाला त्या दिवशी काम निघालं. ती भरपाईसाठी अकरा वर्षं कचेरीत येत होती, शेवटची तीन वर्षं काठी टेकत. कागदावर तिचं घर अजून उभं आहे.) दोन, पंच होण्यासाठी इसम जागेवर हजर असावा आणि त्याला दुसरं काम नसावं. तीन, पंचनामा पुरा होईपर्यंत वस्तू जागेवरून हलवू नये व पक्षकारानं गाव सोडू नये. या तिसऱ्या नियमापायी फ्रिज नऊ दिवस ओसरीत उभा होता आणि थोरला जावई साडेचार दिवस.

धाकटी तनुजा हे सगळं बघत मोठी झाली, म्हणून तिनं शक्य तोवर काही मागितलं नाही. बारावीनंतर तिला डॉक्टर करायचं ठरलं. पहिल्या वर्षी नीटला गुण कमी पडले म्हणून तिला लातूरला रिपीटर बॅचला बसवलं. दुसऱ्या वर्षी आणखी कमी पडले. यावरून रिपीटर बॅचचा परिणाम होतो हे सिद्ध झालं, आणि तिसऱ्या वर्षाचंही ठरलं. बॅच जूनच्या पाच तारखेला सुरू होणार होती. ट्रंक माळ्यावरून खाली आली होती, मेसचा डबा घासून ठेवला होता.

अडचण एवढीच, की हृदयाच्या कप्प्यांवरचे प्रश्न तनुजाचे दरवेळी चुकत, पण हृदय काढताना हात चुकत नसे. लातूरच्या खोलीत, बाकीच्या मुली सूत्रं पाठ करत असताना, ही संगणकावर हृदय घडवायला शिकली. तेही नुसतं चित्र नव्हे. चहूबाजूंनी फिरवता येणारं, झडपा उघडमीट करणारं. पुण्याच्या एका कंपनीनं तिला नमुन्याचं काम दिलं : चाळीस सेकंदांचं धडधडतं हृदय, मे महिन्याच्या तीस तारखेच्या आत. पसंत पडलं तर कायमचं काम. शेषेरावांनी शब्द दिला होता, की काम लागलं तर लातूर रद्द.

चाळीस सेकंद म्हणजे एक हजार चित्रं. तनुजाचा जुना संगणक एका चित्राला बावीस मिनिटं घेई. म्हणजे पंधरा दिवस, सहा तास आणि चाळीस मिनिटं, मध्ये एकदाही वीज न गेल्यास. (तरोडा नाक्याला मे महिन्यात सलग वीज राहण्याचा विक्रम दोन तास दहा मिनिटांचा आहे.) बाजारात नुकतंच आलेलं नवं ग्राफिक्स कार्ड हेच चित्र चाळीस सेकंदांत करणार होतं. त्याची किंमत रिपीटर बॅचच्या फीएवढी होती.

“अप्पा, कार्ड घेऊ द्या. तीस तारखेला हृदय द्यायचंय.”

शेषेराव उठले, पेटी उघडली आणि एक पिवळा नमुना काढून झटकला. 

वजीराबादेतले जिलानीभाई कार्ड मांडीवर घेऊन ऑटोनं आले. त्यांचे आजोबा घड्याळं दुरुस्त करत, वडील रेडिओ आणि टीव्ही, ते स्वतः संगणक. (त्या घराण्यात दर पिढीला वस्तू दहापट महाग होते, नफा आजोबांच्याच वेळचा आहे.)

“शेषेरावसाब, हे काय बैल हाय का दात बघायला? डब्यावर समदं लिहून हाय की.”

“डब्यावर कंपनीनं लिहिलं. कंपनी पक्षकार.”

“मग मी कोण?”

“तुम्ही बी पक्षकारच. पण जागेवर हजर हाव ना? दुसरं काम हाय का?”

जिलानीभाईंनी दुकानाच्या दिशेनं एकदा पाहिलं. मे महिन्यात दुपारी वजीराबादेत गिऱ्हाईक येत नाही. ते पहिले पंच झाले.

कार्ड संगणकात बसवलं आणि पाहणी सुरू झाली. भिंतीचा प्रकार : पत्रा, काळा. छत : निरंक. खोल्या : एक, आत चोवीस जीबी. जनावरे : नाहीत, पंखे तीन, गुरगुरतात. इथवर सुरळीत चाललं. मग ‘तडे अथवा झोल’ हा रकाना आला. शेषेरावांनी चष्मा लावला, ओळंबा आणला, एक डोळा मिटला. कार्ड एवढं लांब आणि जड होतं की मोकळ्या टोकाला ते दोन सूत खाली आलं होतं.

“पडलं तर कुणाच्या अंगावर पडंल?”

“अप्पा, ते डब्याच्या आत हाय. कुणाच्या अंगावर न्हाई पडत.”

“त्र्याण्णवला मातीचं माळवद बी घराच्या आतच व्हतं.”

 शेषेरावांच्या पत्नी तारामतीबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि एक तुटकं लाटणं घेऊन आल्या. कार्डाखाली ते असं नेमकं बसलं की जिलानीभाईंच्या तोंडून “वा भाभी!” निघून गेलं. शेरा पडला : ‘क वर्ग. जागेवर दुरुस्ती. टेकू दिला.’

टेकू देण्यासाठी हजर होत्या म्हणून तारामतीबाई दुसऱ्या पंच झाल्या. त्यांची पाहणी सगळ्यांत शास्त्रीय होती. संगणकाच्या मागून गरम वारा येतो हे कळताच त्यांनी तिथं सांडग्यांचं ताट ठेवलं. दोन तासांत सांडगे खडखडीत! गच्चीवर ऊन फुकट आहे, हे शेषेरावांनी निदर्शनास आणलं.

“गच्चीवर कबुतरं खातेत,” तारामतीबाई म्हणाल्या. “इथं आलंय का एक तरी कबुतर?”

नोंद झाली. ‘कबुतरे : निरंक.’

तिसरे पंच व्यंकटराव, तारामतीबाईंचे धाकटे भाऊ. लातूरला त्यांचा तीन मजली क्लास आहे. तनुजा ज्या बॅचला जाणार ती त्यांचीच. (म्हणून विषयाची त्यांना आस्था होती.) ते फक्त गुण जाणतात.

“याला किती पडलेत?”

“मामा, चाचणीत मागच्या वर्षीच्या कार्डापेक्षा तीस टक्के जास्त.”

“आउट ऑफ किती?”

“आउट ऑफ नसतं यात.”

व्यंकटरावांचा चेहरा उतरला. ज्या परीक्षेला आउट ऑफ नाही तिच्यात पहिला कोण आला म्हणायचं, आणि चौकात फ्लेक्स कुणाचा लावायचा? “बरं, निगेटिव्ह मार्किंग?”

“गरम होतं. सत्तर डिग्री.”

“सत्तर वजा करा.” मग ते मेहुण्याकडे वळले. “दाजी, घाई करू नका. एक वर्ष थांबा. पुढच्या साली याच्यापेक्षा हुशार कार्ड येऊन राहिलंय. दिवाळीत हेच निम्म्यात मिळंल.”

“आन् त्याच्या पुढच्या साली, मामा?” तनुजानं विचारलं.

“त्याच्याहून हुशार.”

“मग घ्यायचं कधी?”

“घ्यायचं कशाला? थांबायचं.”

हे ते मनापासून बोलले. एक वर्ष थांबलेल्या मुलांवरच त्यांचे तिन्ही मजले उभे आहेत.

चौथे पंच ग्यानोबा वायरमन. त्यांनी टेस्टर लावला, मीटर बघितलं, हिशेब बोटांवर केला आणि डोक्याची टोपी काढली. “साहेब, ह्ये चालवायचं तर कूलर बंद ठेवावा लागंल.” चव्वेचाळीस अंश तापमानात हे वाक्य ऐकून घरात जी शांतता पसरली, ती थोरल्या जावयाच्या पंचनाम्यातही पसरली नव्हती.

तरी पाहणी म्हटली की वस्तू चालवून दाखवणं आलं. पंचांपुढे काय चालवायचं, असा प्रश्न शेषेरावांनी टाकला. तनुजा अगदी साळसूदपणे म्हणाली, “माझ्याकडं ते हृदय पडून हाय. तेच चालवू का?”

चालवलं. कूलर बंद. वीज जाऊन-येऊन एकूण अकरा तास चार पंच घाम पुसत पडद्यापुढे बसले. पंचाहत्तराव्या चित्राला झडप उघडली तेव्हा ग्यानोबा उभे राहिले. तीनशेव्या चित्राला तारामतीबाईंनी विचारलं, “व्यंकट, तुझ्या पुस्तकातलं असं उघडतं का रे?” व्यंकटरावांनी, निगेटिव्ह मार्किंग ध्यानात ठेवून, उत्तर दिलं नाही. जिलानीभाई सहाशेव्या चित्रापर्यंत दुकान विसरले होते. हजारावं चित्र झालं आणि पूर्ण हृदय धडधडू लागलं, तेव्हा शेषेरावांचा हात, कुणाच्या ध्यानात येऊ न देता, स्वतःच्या सदऱ्याच्या डाव्या खिशावर गेला. तनुजाच्या ध्यानात आलं.

हृदय एकोणतीस तारखेला पुण्याला गेलं आणि एक तारखेला पसंत पडलं. पुढचं काम आलं : मूत्रपिंड, पंधरा तारखेच्या आत. तनुजानं ट्रंक परत माळ्यावर ठेवायला उचलली.

“थांब,” व्यंकटराव म्हणाले. “दाजी, मला एक सांगा. कार्ड कशासाठी पाहिजे व्हतं? हृदयासाठी. हृदय झालं का? झालं. कार्ड विकत घेतलं का? न्हाई. म्हणजे कार्ड विकत न घेता काम होतं!”

युक्तिवाद बिनतोड होता.  शेषेरावांनी तो शब्दशः लिहून घेतला. मतं पडली. जिलानीभाई घ्यावं, तारामतीबाई घ्यावं, व्यंकटराव घेऊ नये. ग्यानोबा, हृदयाला दोनदा नमस्कार करून, कूलरच्या बाजूनं. दोनास दोन. लिहिणाऱ्याला मत नसतं. कार्ड गेलं तर काम गेलं, आणि काम गेलं तर पुन्हा लातूर. पाचव्या पंचाची सही निर्णय करणार होती, आणि लातूरची बॅच चार दिवसांवर होती.

शेषेराव पाचवा पंच शोधायला निघाले. रोज दुपारी दोन वाजता, डोक्याला उपरणं गुंडाळून, मागच्या गल्लीत. त्या वेळी त्या गल्लीत कुत्रीसुद्धा उभ्या गाड्यांच्या खाली शिरलेली असतात. अर्धा तास उभे राहून ते परत येत आणि नोंद करत : ‘रिकामा इसम आढळून आला नाही.’ चार तारीख गेली. पाच गेली. लातूरला हजेरी घेतली गेली. व्यंकटरावांचे तीन फोन आले. तिन्ही वेळा त्यांना नियम क्रमांक तीन वाचून दाखवण्यात आला : पक्षकारानं गाव सोडू नये.

आठ तारखेला तनुजाला राहवेना. “अप्पा, संध्याकाळी नाक्यावरच्या हॉटेलात जावा की. तिथं पंचवीस माणसं रिकामी बसून राहतेत.”

शेषेरावांनी चष्म्यावरून पाहिलं. “तुला मूत्रपिंड कधी द्यायचंय?”

“पंधराला.”

“मग गप बस.”

तनुजा गप बसली. कार्ड गुरगुरत राहिलं. पंचनामा पुरा झालेला नसल्यानं ते जागेवरून हलवता येत नाही, म्हणून जिलानीभाईंना दरमहा तनुजाच्या कमाईतून ‘पाहणी खर्च’ दिला जातो. त्यांची तक्रार नाही. गिऱ्हाइकांना ते कार्ड दाखवायला तिथंच घेऊन येतात, सांडग्यांसकट. मूत्रपिंड गेलं, यकृत गेलं, सध्या डोळा चालू आहे. अपुरा पंचनामा किती वर्षं अपुरा राहू शकतो, हे शेषेरावांएवढं कुणाला ठाऊक असणार!

सगळी व्यवस्था नीट बसली आहे. धोका एकच उरला, तो आपला. आपण या प्रकरणात पहिल्या ओळीपासून जागेवर हजर आहात. दुसरं काम असतं तर इथवर वाचत आला नसता. कार्डातलं आपल्याला काही कळत नाही. (आणि ‘दिवाळीपर्यंत थांबायला काय हरकत होती’ असं मघाशी जे आपल्या मनात येऊन गेलं, ते व्यंकटरावांच्या नावे आधीच नोंदलं आहे.) सर्व अटी पाहता आपल्याइतका पात्र पंच नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत सापडणं अवघड आहे.

तेव्हा एक विनंती. शेषेराव कधी चुकून आपल्या दारी आलेच आणि त्यांनी पिवळा नमुना पुढे केला, तर सही करू नका. काम आहे म्हणून सांगा.

आठवून बघा काही असलं तर.